रोमला जाणारे विद्यार्थी: नकाशापासून चुन्याच्या खड्यापर्यंत

उन्हाळ्याच्या सुट्टीत इटलीतल्या प्राचीन अवशेषांपाशी परदेशी विद्यार्थ्यांचे गट काम करताना दिसतात. त्यांत कलेच्या इतिहासाबरोबरच रसायनशास्त्र, मटेरियल सायन्स, सिव्हिल इंजिनिअरिंग शिकणारी मुलेमुलीही असतात. कोणी गिलाव्याचा थर पाहतो, कोणी हातात धरता येणाऱ्या क्ष-किरण यंत्राने रंगातला धातू ओळखतो. अभ्यासासाठी रोम गाठण्याची ही रीत साडेतीनशे वर्षांची आहे. भिंत कशाची आहे हा प्रश्न मात्र तिच्यात बराच उशिरा आला.

चौदाव्या लुईच्या काळात, त्याचा मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने १६६६ मध्ये फ्रान्सने रोममध्ये आपली अकादमी उघडली. पॅरिसमधली स्पर्धा जिंकलेले तरुण चित्रकार आणि शिल्पकार सरकारी खर्चाने तिथे राहायचे; पुढे वास्तुकलेचे विद्यार्थीही येऊ लागले. एखाद्या प्राचीन इमारतीची बारकाईने मोजमापे घ्यायची, ती मुळात कशी असेल याचे चित्र काढायचे आणि ते पॅरिसला पाठवायचे, हे त्यांचे काम. ही रेखाटने आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात, कारण त्यांत नोंदलेले काही अवशेष नंतर ढासळले. पण लक्ष सगळे आकारावर. रोममधल्या पँथिऑन या प्राचीन मंदिराच्या घुमटाचा व्यास सुमारे ४३ मीटर आहे हे मोजून कळते. त्याच्या काँक्रीटमधली खडी वर जाताना हलकी होत जाते आणि माथ्याजवळ सच्छिद्र ज्वालामुखी दगड वापरलाय, हे मोजपट्टीने कळत नाही.

पदार्थाकडे वळण्याची सुरुवात रंगांपासून झाली. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही इटलीच्या प्रवासात असताना शिल्पकार कानोव्हाच्या मदतीने त्याला रोममधल्या अवशेषांतले रंगांचे नमुने तपासता आले. १८१५ मध्ये त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले. रोमनांचा निळा रंग म्हणजे तांबे घालून भाजलेली एक प्रकारची काचच आहे, असे त्याने दाखवले. सोडा, गारेची पूड आणि तांब्याचा कीस दोन तास कडक तापवून तसाच रंग त्याने स्वतः बनवलाही. त्याच रंगाला आज इजिप्शियन निळा म्हणतात. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे त्याचे कणही आता अवरक्त छायाचित्रात चमकतात. पांढराशुभ्र वाटणारा पुतळा कधीकाळी रंगवलेला होता, हे त्यावरून पकडता येते.

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी एकेक देश रोममध्ये आपली संस्था काढू लागला: जर्मनांची १८२९ ची, अमेरिकनांची १८९४ ची, ब्रिटिशांची १९०१ ची. या काळातली माझ्या मते सर्वांत मोलाची नोंद एस्थर व्हॅन डेमन या अमेरिकन बाईंच्या नावावर आहे. त्या मूळच्या लॅटिनच्या अभ्यासक. १९०७ मध्ये फोरम या रोमच्या प्राचीन चौकातल्या व्हेस्टा देवीच्या पुजारिणींच्या वाड्यात एक व्याख्यान चालू होते. ते ऐकताना त्यांचे लक्ष एका बुजवलेल्या दाराकडे गेले. दारात भरलेल्या विटा आजूबाजूच्या भिंतीच्या विटांपेक्षा वेगळ्या होत्या. म्हणजे बांधकाम एका वेळचे नाही! मग त्यांनी विटांची जाडी, सांध्यांतल्या चुन्याची रुंदी, काँक्रीटमधले दगड अशा गोष्टींच्या पद्धतशीर नोंदी घेतल्या आणि १९१२ मध्ये रोमन इमारतींचा काळ ठरवण्याची रीत मांडली. विटांवरचे शिक्के तोवर मोठा आधार मानले जात. पण जुनी वीट नव्या भिंतीतही बसवतात, त्यामुळे एकट्या शिक्क्यावर विसंबता येत नाही. पुढे कितीतरी विद्यार्थी त्यांच्या वाटेने भिंती वाचायला शिकले.

पदार्थ नीट न ओळखता केलेल्या दुरुस्तीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने अजिंठ्याच्या चित्रांसाठी चेक्कोनी आणि ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटलेला गिलावा जागी बसवला, ते काम मोठे होते. पण चित्रांवर दिलेला लाखेचा हात पुढे पिवळा पडला आणि मूळ रंग झाकोळले. रोमन भित्तिचित्रात रंग ओल्या चुन्यावर लावतात आणि चुना वाळताना तो धरून ठेवतो. अजिंठ्याचे रंग मात्र मातीच्या गिलाव्यावर, कोरड्या पृष्ठभागावर दिलेले आहेत. अशा कामांचे शास्त्रशुद्ध शिक्षण देणारी आंतरराष्ट्रीय संस्था असावी, असे युनेस्कोने १९५६ मध्ये दिल्लीच्या अधिवेशनात ठरवले. ती संस्था, इक्रोम, १९५९ पासून रोममध्ये आहे.

गेल्या काही वर्षांत चर्चा आहे ती चुन्याची. रोमन काँक्रीटमध्ये पांढरे खडे दिसतात. मिसळण नीट झाली नाही म्हणून ते राहिले, असे बराच काळ समजले जाई. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक अदमिर माशिच आपल्या विद्यार्थ्यांना इटलीत घेऊन जातात. त्यांच्या गटाने रोमच्या दक्षिणेकडील प्रिव्हर्नुम या प्राचीन नगराच्या तटबंदीचे नमुने तपासले आणि २०२३ मध्ये वेगळेच उत्तर दिले. चुना आधी पाण्यात विरवून घेण्याऐवजी कळीचा, म्हणजे पाणी न लागलेला भाजका चुना थेट ज्वालामुखी राखेत मिसळून त्यावर पाणी टाकले असावे. त्यातून प्रचंड उष्णता निघते आणि हे खडे तयार होतात. भिंतीला तडा गेला की पाणी आत शिरते, खड्यातला चुना विरघळतो आणि तड्यात पुन्हा घट्ट होतो. प्रयोगशाळेत तसे काँक्रीट बनवून मुद्दाम तडे पाडले, तर दोन आठवड्यांत त्यांतून पाणी झिरपायचे थांबले. कळीचा चुना न घातलेल्या ठोकळ्यात ते वाहतच राहिले.

रोमन वास्तुकार व्हिट्रुव्हियसने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात लिहिलेल्या ग्रंथात मात्र चुना विरवून वापरण्याची कृती आहे. लेखी कृती आणि भिंतीतला पुरावा यांच्यातला हा फरक विद्यार्थ्यांना आता ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या नगरातही तपासता येतो. ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा तिथल्या एका घराचे बांधकाम चालू होते, आणि कामासाठी रचलेले कोरड्या मालाचे ढीग तिथे तसेच गाडले गेले होते; त्यामुळे पाणी पडण्याआधी त्या मालात काय होते ते पाहता येते.