पार्श्वभूमी: दारू सोडणाऱ्यांची मीटिंग नागपुरात शोधताना

घरातल्या माणसाची दारू हाताबाहेर गेली की नागपूरकर ज्या जागा माहीत आहेत तिथे धाव घेतात. मेडिकल, मेयो ही सरकारी रुग्णालयं, नाहीतर प्रादेशिक मनोरुग्णालय. ते योग्यच आहे. अडचण येते ती डिस्चार्ज मिळाल्यावर. अंगातली दारू उतरलेली असते, पण संध्याकाळ रोजच येते आणि ती एकट्यानं काढायची असते. त्या संध्याकाळसाठी 'एए'ची, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, मीटिंग असते. पण ती चटकन सापडत नाही. ठळक पाटी नाही, जाहिरात नाही. कुठल्या तरी शाळेच्या वर्गात किंवा चर्चच्या खोलीत तास-दीड तास लोक बसतात, खुर्च्या जागच्या जागी लावतात आणि घरी जातात.

असं का, ते कळायला मे १९३५ मध्ये जावं लागतं. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनला कामासाठी आला होता. दारू सुटून जेमतेम पाच महिने झाले होते आणि काम फसलं. हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं फोन धरला आणि चर्चच्या यादीतले नंबर फिरवत राहिला. त्याला गाठायचा होता आपल्यासारखाच एखादा पिणारा. शेवटी १२ मे रोजी भेट झाली डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी. पंधरा मिनिटांच्या वर बसणार नाही असं ठरवून आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत बसले, कारण समोरचा उपदेश करत नव्हता, स्वतःचं सांगत होता. डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला तो १० जून १९३५ हा दिवस 'एए'चा जन्मदिवस मानला जातो.

१९३९ मध्ये 'एए'च्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून बाहेर पडायची वाट, छापून आल्या. मीटिंग शोधणाऱ्याच्या दृष्टीनं मला त्याहून मोलाच्या वाटतात त्या १९५० मध्ये स्वीकारलेल्या बारा परंपरा, म्हणजे ग्रुप कसे चालावेत याची तत्त्वं. सभासद व्हायला एकच अट: दारू सोडायची इच्छा. फी नाही, बाहेरची देणगी नाही, सरकार किंवा पक्षाशी संबंध नाही, आणि वर्तमानपत्रात सभासदाचं पूर्ण नाव नाही. मोठा निधी आणि प्रसिद्धी नाकारल्यामुळेच ही खोली सहज दिसत नाही. पण तिथे जाणाऱ्याची इज्जत त्यामुळेच सांभाळली जाते. नागपूरसारख्या एकमेकांना ओळखणाऱ्या शहरात ही गोष्ट लहान नाही.

भारतात 'एए'चं काम मुंबईत १९५७ साली सुरू झालं असं मानतात. त्याआधी नागपूर दारूविरुद्ध झगडत नव्हतं असं मात्र नाही. असहकाराच्या दिवसांत इथल्या दारू दुकानांसमोर निदर्शनं झाली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडाचा मद्यबंदी कायदा १९३८ चा. तुकडोजी महाराजांची खंजिरी गावोगाव व्यसनाविरुद्ध वाजत होती. आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखो लोकांना दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याची प्रतिज्ञाही होती. त्या एका वाक्यानं किती घरांची चूल पेटती ठेवली, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही. ज्यांच्या घरात ते घडलं त्यांना तो ठाऊक आहे.

शेजारचा वर्धा जिल्हा १९७० च्या दशकापासून दारूबंदीत आहे, गडचिरोली १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला बंदी आली आणि २०२१ ला उठली. या बंदीमागे बायकांची मोठी चळवळ होती आणि तिचा मला मनापासून आदर आहे. तरीही सकाळी हात थरथरतात म्हणून पिणाऱ्या माणसाला कायदा हात देऊ शकत नाही. त्याला हवा असतो त्याच थरथरीतून गेलेला दुसरा कुणी. पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानं व्यसन हा आजार आहे, हे मराठी घरांना सांगितलं आणि उपचारानंतरच्या सोबतीची गरजही पटवली.

मीटिंगमध्ये काय होतं? एक जण सुरुवात करतो, "मी अमुक, मी मद्यपी." मग शेअरिंग, म्हणजे ज्यानं त्यानं स्वतःचं सांगणं. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही. नवा माणूस गप्प बसला तरी चालतं. 'आजच्या दिवसापुरती नाही' एवढंच ठरवायचं. शेवटी पिशवी फिरते, सभासदांना पैसे टाकायचे तर टाकावेत. काही मीटिंग खुल्या असतात, तिथे बायको-भाऊही बसू शकतात. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांच्या. कुटुंबीयांसाठी १९५१ पासून अल-अनॉन ही वेगळी संघटना आहे. बाईला दारूची सवय असेल तर तिला लाजेपायी हे दार फार उशिरा सापडतं, म्हणून तिच्यासोबत कुणी जावं.

एक गोष्ट आधी. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यानं घरीच एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. आधी डॉक्टर, मग मीटिंग. जागा आणि वेळ बदलत असतात, म्हणून 'एए'च्या भारतातल्या हेल्पलाइनवर किंवा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातल्या समाजसेवकाकडे नागपूरची ताजी यादी मागा. व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन १४४४६ आहे, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. निघण्याआधी फोन करून मीटिंग खुली की बंद तेवढं विचारून घ्या. पहिल्या ग्रुपमध्ये मन लागलं नाही तर दुसऱ्या भागातला ग्रुप बघा. त्याबद्दल कुणी वाईट वाटून घेत नाही.