किट कारची पुढची काच घरी बदलणे

सुट्या भागांच्या संचातून मालकाने स्वतः जोडलेल्या गाडीची विंडशील्ड काढून नवी बसवण्याचे काम. ब्रिटिश अभियंते कॉलिन चॅपमन यांची लोटस सेव्हन (१९५७) ही अशा गाड्यांतली सर्वांत परिचित. ब्रिटनमध्ये तयार गाडीवर बसणारा खरेदी कर संचावर बसत नसे, म्हणून ती या रूपात खपली. सेव्हनच्या घडणीच्या गाडीत हे काम सोपे असते. सपाट काच चौकटीत असते आणि चौकट दोन बाजूंच्या पट्ट्यांनी बोल्टवर उभी असते; बोल्ट सोडले की ती टेबलावर घेऊन निवांत काम करता येते.

खरी कसोटी फायबरच्या बॉडीत दुसऱ्या एखाद्या गाडीची वक्र काच वापरलेली असते तेव्हा लागते. कारखान्यातल्या गाडीच्या पत्र्याची कड पातळ आणि सारख्या जाडीची असते आणि काचेभोवतीच्या रबराची खाच त्याच मापाची असते. हाताने थर चढवलेल्या फायबरची कड एका जागी तीन, तर दुसऱ्या जागी पाच मिलिमीटर भरते. त्यामुळे अर्धे काम काच हातात घेण्याआधीचेच आहे: कड पॉलिश पेपरने सारखी करायची किंवा रुंद खाचेचे रबर मिळवायचे, मग काच कोरडीच टेकवून चारही बाजूंची फट पाहायची. इथे घाई केली तर काच एखाद्या उंचवट्यावर टेकून राहते, आणि काही दिवसांनी खडबडीत रस्त्यावर कडेपासून तडा जातो. मग दोष काचेला दिला जातो, तो तिचा नसतो.

रबर आधी काचेवर चढवतात. बाहेरच्या खाचेत एक मजबूत दोरी फिरवून तिची टोके खाली मध्यभागी आतल्या बाजूला सोडतात आणि सगळे साबणाच्या पाण्याने ओले करतात. एकाने बाहेरून तळव्याने दाबायचे, दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू ओढायची. दोरी सरकते तशी रबराची पाकळी कडेवर उलटत जाते. एकट्याने हे करू नये.

रबराऐवजी चिकटवलेली काच मात्र तारेने कापून काढतात. जुन्या पॉलियुरेथेन चिकट्याचा पातळ थर तसाच ठेवला तर नवा त्यावर चांगला धरतो. हा चिकटा हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. तो पक्का होईपर्यंत गाडी हलवू नये, दारे आपटू नयेत. आतल्या हवेचा दाब काच ढकलतो.

पुढची काच लॅमिनेटेडच हवी. तिच्या दोन थरांमध्ये प्लॅस्टिकचा पडदा असतो, म्हणून फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ एदुआर बेनेदिक्तूस यांनी १९०९ मध्ये अशा काचेचे पेटंट घेतले. सपाट लॅमिनेटेड काच दोन्ही बाजूंनी रेघ मारून, मग पडदा पात्याने सोडवून मापात कापून मिळते. टफन (तापवून झटकन थंड करून कणखर केलेली) काच कापायला गेले की तिचा चुरा होतो.

शेवटी वरून पाण्याची धार सोडतात आणि आत एकजण बॅटरी घेऊन खालचे दोन कोपरे तपासतो. पाणी झिरपले तर बहुधा तिथूनच.