बाळ दचकतंय की झटका येतोय?

पाच-सहा महिन्यांचं बाळ झोपेतून उठतं. उठल्या उठल्या मान खाली पडते, दोन्ही हात फाकतात, पाय पोटाशी येतात. हे सगळं एक-दोन सेकंदांत होतं. थोडे सेकंद शांततेत जातात आणि पुन्हा तेच. असे दहा, वीस, कधी त्याहूनही जास्त झटके ओळीने येतात. घरात कुणी म्हणतं "दचकतंय", कुणी म्हणतं "पोटात मुरडा आलाय". ग्राइप वॉटर दिलं जातं, दृष्ट काढली जाते. तोंडाला फेस नाही, अंग ताठरून राहत नाही, ताप नाही, त्यामुळे ही आकडी असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

या आजाराला इन्फंटाइल स्पॅझम्स म्हणतात. तो बहुधा ३ ते १२ महिन्यांच्या दरम्यान सुरू होतो. साधं दचकणं आवाजाने किंवा धक्क्याने होतं आणि बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत बहुतेक मावळतं. हे झटके मात्र काही कारण नसताना, एकामागोमाग आणि विशेषतः जाग येताना येतात. त्याच सुमारास बाळ हसायचं कमी होतं, नजर देत नाही, धरलेली मान सोडून देतं. ही खूण झटक्यांइतकीच महत्त्वाची आहे.

आजाराचं पहिलं वर्णन १८४१ सालचं. इंग्लंडमधल्या केंट परगण्यातले डॉक्टर विल्यम जेम्स वेस्ट यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहून स्वतःच्या मुलाचे झटके बारकाईने मांडले आणि इतर डॉक्टरांकडे उपाय मागितला. जळवा लावून झाल्या, रेचकं देऊन झाली, गुण आला नव्हता. उपाय सापडायला शंभराहून जास्त वर्षं लागली. १९५२ मध्ये गिब्ज दांपत्याने या बाळांच्या ईईजीतल्या (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखातल्या) उंच, विस्कळीत लहरींना 'हिप्सॅरिद्मिया' हे नाव दिलं. १९५८ मध्ये बेल्जियममधून एसीटीएच या संप्रेरकाचा उपयोग होतो हे पुढे आलं. आज एसीटीएच किंवा प्रेडनिसोलोन आणि व्हिगाबॅट्रिन ही मुख्य औषधं आहेत. एसीटीएच किंवा प्रेडनिसोलोन चालू असताना रक्तदाब आणि साखर मोजावी लागते, जंतुसंसर्ग सांभाळावा लागतो आणि जिवंत (दुबळ्या केलेल्या जंतूंच्या) लसी पुढे ढकलाव्या लागतात. व्हिगाबॅट्रिनमुळे दृष्टीचा घेर कमी होऊ शकतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३७७ बाळांच्या अभ्यासात संप्रेरक-उपचार आणि व्हिगाबॅट्रिन एकत्र दिल्यावर ७२ टक्के बाळांचे झटके थांबले, फक्त संप्रेरक-उपचाराने ५७ टक्क्यांचे.

औषध कोणतं याइतकाच ते कधी सुरू झालं हा प्रश्न मोठा आहे. पहिला झटका आणि पहिला डोस यांत किती दिवस गेले, यावर बाळाची पुढची वाढ बरीचशी अवलंबून असते. म्हणून या विषयात नाशिकमध्ये बसून करण्याजोगं सगळ्यात उपयोगी संशोधन नव्या औषधाचं नाही, हरवलेल्या दिवसांचं आहे.

बालमेंदूविकाराच्या संशोधकाची वाट लांब असते: एमबीबीएस, तीन वर्षं बालरोगात एमडी, मग तीन वर्षं डीएम ही त्यापुढची विशेष पदवी. एमडीचा प्रबंध ही पहिली पायरी. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय नाशिकलाच, म्हसरूळला आहे. विषयाची रूपरेषा, नैतिकता समितीची मंजुरी, पालकांची लेखी संमती हे सगळं ओघाने येतं. जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडच्या कोकणा आदिवासी कुटुंबाला मात्र मराठी संमतीपत्र वाचून दाखवून भागत नाही, ते त्यांच्या बोलीत समजावून सांगावं लागतं. शिवाय आजार दुर्मीळ. दहा हजार जन्मांमागे तीन बाळं धरली, तर लाख जन्मांत तीस. प्रबंधाच्या दीड वर्षात एका रुग्णालयात औषधांची तुलना होण्याइतकी बाळं जमत नाहीत. दिवसांचा हिशेब मात्र मांडता येतो.

त्यासाठी चार तारखा लागतात: पहिला झटका, पहिला डॉक्टर, ईईजी, पहिला डोस. पहिलीच तारीख सगळ्यात कच्ची. "कधीपासून?" असं विचारलं तर "महिनाभर झाला असेल" एवढंच उत्तर मिळतं. "पोळ्याच्या आधी की नंतर? सप्तशृंगी गडावरच्या चैत्राच्या यात्रेला बाळ नीट होतं का?" असं विचारलं की तारीख आठवड्याच्या आत येते.

तिसऱ्या तारखेला, म्हणजे ईईजीला, अडचण करतं तेल. टाळूवर रोज तेल भरलेलं असतं. त्यावर इलेक्ट्रोड (डोक्याला चिकटवायची तार) धरत नाही, विजेचा रोध ५ किलोओहमच्या वर जातो आणि आलेखात खोट्या लहरी उमटतात. आदल्या रात्री डोकं शाम्पूने धुवावं, सकाळी तेल लावू नये. वाटेत बाळाला झोपू देऊ नये. गंगापूर रोड असो की इगतपुरी, गाडी हलली की बाळ झोपतं आणि तपासणीच्या टेबलावर टक्क जागं राहतं. दूध तिथे पोचल्यावर, इलेक्ट्रोड लावून झाल्यावर पाजावं. झोप आणि त्यानंतरची जाग, दोन्ही आलेखात यायला हवीत. विस्कळीत लहरी झोपेत जास्त स्पष्ट दिसतात. फक्त जागेपणीचा वीस मिनिटांचा ईईजी 'नॉर्मल' आला म्हणून शंका सोडून देणं चूक आहे.

आणि व्हिडिओ काढावा. दुपटं बाजूला करून, बाळाला सपाट ठेवून, चेहऱ्यापासून पायापर्यंत सगळं अंग दिसेल असा मोबाइल आडवा धरावा. दोन-तीन मिनिटं, किमान चार-पाच झटके येईपर्यंत चित्रण थांबवू नये. बाळाला धरून शांत करायचा मोह होतो, पण हातात धरलं की हालचाल झाकली जाते. ती फाइल मोबाइलमधून पुसू नये. डॉक्टरांना त्यात झटका ओळखता येतो, आणि मोबाइलने आपोआप नोंदलेल्या तारखेमुळे झटके कोणत्या दिवशी होते याचा तरी पक्का पुरावा हाती राहतो.