वाघ आला म्हणता, पण कोणता? पट्टेवाला की बिबट

आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड-सिंदेवाहीकडे कोणी "वाघ आला" म्हटलं की मी पहिले हेच विचारतो, कोणता? कारण इकडे पट्टेवालाही वाघ, ठिपकेवालाही वाघ, आणि ठिपकेवाल्याला चित्ता म्हणणारे तर घरोघरी. चित्त्याचं लगेच संपवून टाकतो. भारतातून तो संपला असं १९५२ मध्येच जाहीर झालं, २०२२ मध्ये बाहेरून आणले ते मध्य प्रदेशात कुनोला सोडले, त्यामुळे तुमच्या कवेलूवर, म्हणजे छपराच्या कौलांवर, रात्री जो चालला तो चित्ता नव्हे. चित्त्याच्या अंगावर भरीव ठिपके असतात आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ, बिबट्याचे ठिपके मधून पोकळ, फुलासारखे. झालं.

आता खरा घोळ. मागच्या उन्हाळ्यात मोठ्या बाबांच्या (मोठ्या काकांच्या) कोठ्यातून, म्हणजे गोठ्यातून, बकरी गेली. रात्री दोन-अडीचला कवेलू खळखळले, मोठी आई टॉर्च घेऊन गेली तर चार कवेलू खाली फुटलेले, खुंट्याला दोरीचा तुकडा आणि जमिनीवर रक्ताचे थेंब. सकाळी गावभर झालं, वाघ आला. मग काय, चार दिवस कोणी जंगलात नाही, वावरात नाही, मोहफुलाच्या ऐन सीझनमध्ये सगळे घरी बसले. आणि कोठ्याचं छत? चार जुने कवेलू परत ठेवले, वरून एक दगड. पाचव्या रात्री दुसरी बकरी गेली, त्याच भोकातून.

छपरावर चढून, कवेलू सरकवून आत उतरणं हे बिबट्याचं काम. पट्टेवाल्या नराचं वजन दोनशे किलोच्या आसपास, तो आमच्या बल्ल्या-कवेलूच्या छपरावर चढला तर छपरासकट खाली येईल. बिबट ५०-६० किलोचा, मादी तर अजून हलकी, भिंतीवरून उडी, झाडावर चढणं, फटीतून घुसणं हे त्याला सहज. म्हणजे आम्ही ज्याच्यापासून जपायचं तो रात्री घरी येत होता आणि आम्ही दिवसा जंगलात जाणं बंद करून बसलो होतो. म्हणूनच म्हणतो, कोण आला हे कळणं नुसतं हौसेचं काम नाही.

कळायचं कसं, तर ठसा. पांदणीच्या फुफाट्यात किंवा बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, काठच्या चिखलात चांगला उमटतो. पहिले नखं बघा. चार बोटं आणि मागं गादी, पण नखाची खूण नाही, म्हणजे मांजराच्या जातीतला, कारण ते चालताना नखं आत ओढून ठेवतात. नखाचे टोचे दिसले तर तो गावातला कुत्रा, लांडगा किंवा तरस, अर्ध्या अफवा तर इथंच संपतात. मग साइज. बिबट्याचा ठसा सात ते नऊ सेंटीमीटर रुंद, म्हणजे साधारण आपल्या मुठीएवढा, मोठ्या वाघाचा बारा-चौदाच्या पुढं, पूर्ण तळवा ठेवला तरी झाकत नाही असा. पण चिखलात पाय सरकून ठसा पसरतो, म्हणून एकच ठसा बघून ठरवू नका, चार-पाच बघा. आणि बारीक ठसा आहे म्हणून निर्धास्त पण होऊ नका. वाघाचं पिल्लू काही महिन्यांचं झालं की त्याचा ठसा बिबट्याएवढाच दिसतो, आणि पिल्लू आहे म्हणजे आई जवळपास आहे असंच धरायचं, आणि पिल्लावाल्या वाघिणीच्या वाटेत जाण्यापेक्षा मोठ्या नराशी गाठ पडलेली परवडली. बारीक ठशांच्या बाजूला मोठे दिसले की तिथूनच परतायचं.

मारलेलं जनावर पण सांगते. मोठा बैल, म्हैस, दुभती गाय, तेही चराईत किंवा जंगलाला लागून असलेल्या वावरात पडलं असेल तर बहुतेक पट्टेवाला. तो सहसा मागच्या बाजूनं, पुठ्ठ्याकडून खायला सुरुवात करतो, आणि जडशीळ धूड ओढत झाडोऱ्यात नाहीतर नाल्यात नेऊन ठेवतो. बकरी, वासरू, कोंबड्या, डुक्कर आणि मुख्य म्हणजे गावातले कुत्रे गायब होत असतील तर बिबट. तो बहुतेक वेळा पोटाकडून, छातीकडून फाडतो. नरड्याला दातांच्या खुणा दोघांच्याही असतात, त्यावरून सुरुवातीला काही कळत नाही. आवाजात मात्र चूक होत नाही, बिबट म्हणजे कोणी लाकडावर करवत ओढतंय असं खर्र-खर्र, आणि वाघाचा तो लांब आऊंऽघ, रात्री दोन-अडीच किलोमीटरवरून येतो, पोटात गोळा येतो ऐकून.

आकड्यांचं बोलायचं तर २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात वाघ ४४४ आणि बिबट १९८५, म्हणजे एका वाघामागं चार-साडेचार बिबट. म्हणून रात्री घराजवळ जे दिसलं ते बिबट असण्याचीच शक्यता जास्त. पण हा हिशेब पुण्या-नाशिककडच्या माणसाला ठीक, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात नाही. इथं ताडोब्याच्या बाहेरच, ब्रह्मपुरीकडे, धानाच्या बांध्या आणि झुडपी जंगल एकमेकांना चिकटलेले आणि त्यातच वाघ राहतात, त्यामुळे धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, पट्टेवाला बसलेला दिसणं म्हणजे रोजचं नसलं तरी नवल पण नाही. बिबट तर काय, चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आणि कोळसा खाणीच्या झुडपातसुद्धा राहतो. त्याला जंगल लागतंच असं नाही, लपायला आडोसा आणि खायला कुत्रे मिळाले की झालं.

बिबट्याचा बंदोबस्त म्हणून घरीच करायचा. कोठ्याला चारही बाजूंनी आणि वरून पण जाळी, दार असं की पंजानं ढकललं तर उघडणार नाही, बकऱ्या-वासरं रात्री आतच. अंगणात लाइट. चिकनवाल्याचा कचरा आणि मेलेली ढोरं गावाला लागून फेकणं बंद, कारण त्यावर कुत्रे जमतात आणि कुत्र्यांवर बिबट. उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून झोपतो आपण, लेकरं कडेला नको. आणि अंधारात परसाकडं जाणारा खाली बसलेला माणूस त्याला माणूस वाटतच नाही, बुटकं जनावर वाटतं. आमच्या एका शेजाऱ्याकडे संडास आहे पण त्यात तुरीचे पोते भरून ठेवलेत, आता त्याला काय म्हणावं.

पट्टेवाल्याचं उलट आहे. त्याच्यासाठी घराला जाळी लावून काही होत नाही, तिथं आपल्यालाच आपली वेळ बदलावी लागते. मार्च-एप्रिलात मोहफुलं, मग मे महिन्यात तेंदूपत्ता, या दिवसांत माणूस वाकून, एकटा, पहाटे जंगलात असतो, आणि वाघाच्या हल्ल्याच्या कितीतरी घटना अशाच घडतात. वाकलेला माणूस मागून चार पायाचा दिसतो. एकटं जायचं नाही, बोलत-खोकलत जायचं, उन्हं वर आल्यावर जायचं. सांगणाऱ्याला सोपं आहे हो, मोहफूल पहाटे गळतं, नऊ वाजता गेलं तर ढोरं आणि हरणं खाऊन गेलेली असतात, म्हणून बाया चार वाजता निघतात. काही ठिकाणी आता झाडाखाली नेट बांधतात, फुलं जमिनीवर पडतच नाहीत, ते बरं वाटलं मला. ताजं मारलेलं ढोर दिसलं तर फोटो काढायला जवळ जायचं नाही, त्याला मारणारा बहुतेक बाजूलाच झोपलेला असतो. आणि समोरासमोर आलाच तर, वाघ असो की बिबट, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही, त्याच्याकडे बघत मागं मागं सरकायचं.

बिबट घरात घुसला तर बाहेरून दार लावून वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइन नंबरला फोन, बस. काठ्या घेऊन दोनशे लोकांनी घेरलं की तो कोणाच्या तरी अंगावरूनच बाहेर पडतो.

जनावर मेलं की वनखात्याकडून मिळणाऱ्या भरपाईचा एक गैरसमज आहे, "वाघ म्हणा, जास्त भेटते." असं काही नाही. यादीत दोघंही आहेत, जनावराच्या बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा शासनानं ठरवलेली कमाल रक्कम, जे कमी असेल ते. महत्त्वाचं हे की ४८ तासांच्या आत कळवायचं आणि पंचनाम्यापर्यंत मढं जागचं हलवायचं नाही. वास येतो म्हणून मोठ्या बाबांनी पहिल्या बकरीचं राहिलेलं पुरून टाकलं होतं, मग फॉरेस्ट गार्डनं पंचनामा कशाचा करायचा? आणि मढ्यावर विष टाकणं, डुकरासाठी तारेत करंट सोडणं, यात आधी गावातलेच कुत्रे, ढोरं आणि कधी माणूसच मरतो, आणि जेलात जायची वेळ येते ती वेगळी, कारण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोघंही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत.

कोठ्याला शेवटी टिनाचं छत आणि जाळी बसली. यंदा मार्चमध्ये मोठी आई टोपली घेऊन निघाली, मी सोबत होतो, पांदणीच्या वळणावर तिनं टॉर्च खाली धरला. फुफाट्यात एक ठसा, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. तिनं वाकून हात ठेवला, बोटांच्या बाहेर दोन्ही बाजूंनी ठसा उरला.

"हा आपल्या कोठ्यातला नोहोय गा," ती म्हणाली आणि टोपली डोक्यावर ठेवून मागं वळली. नऊ वाजता पाच बाया मिळून गेल्या, रस्ताभर मोठमोठ्यानं कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत. अर्धी फुलं हरणांनी खाल्ली होती.