आवाजाचा प्रकार बदलला म्हणजे गळा संपला? अजिबात नाही

ऑपेरातली मेझो (म्हणजे मधल्या पट्टीत गाणारी गायिका) सोप्रानोच्या, म्हणजे बायकांतल्या सर्वात उंच आवाजाच्या, भूमिका गायला लागली की लोक म्हणतात आधी शिकवलंच चुकीचं, आणि सोप्रानो मेझोकडे आली की म्हणतात गळा गेला, वर्षानुवर्षं हेच चाललंय आणि खरंच वाईट वाटतं ऐकून. अहो, नुसता सर्वात वरचा सूर लागतो की नाही यावर प्रकार ठरत नाही, आवाजाचं वजन, रंग, बराच वेळ कुठल्या पट्ट्यात आरामात गाता येतं हे सगळं बघतात, आणि वय वाढलं, मेनोपॉज आला की यातलं काही ना काही सरकतंच.

जर्मन गायिका वाल्ट्राउड मायर बघा. मेझो म्हणून १९८३ मध्ये जर्मनीतल्या बायरॉइटच्या वाग्नर महोत्सवात 'पार्सिफाल'मधली कुंड्री गायली, १९९३ ला तिथेच 'ट्रिस्टान उंड इझोल्डे'मधली इझोल्डे, म्हणजे सोप्रानोची भलती अवघड भूमिका, आणि ती २०१५ पर्यंत गात राहिली. बिघडलेल्या गळ्याने बावीस वर्षं इझोल्डे होते का? बरं त्या काळात कुंड्रीही सुटली नव्हती. उलट बाजूला आस्ट्रिड वार्नाय, १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात झीग्लिंडे ही वाग्नरची सोप्रानो भूमिका गात आलेली गायिका, पुढे मेझो भूमिकांकडे वळली आणि तिची क्लिटेम्नेस्ट्रा (श्ट्राउसच्या 'एलेक्ट्रा'तली राणी) ऐकाच एकदा, अंगावर काटा येतो.