आर्थिक संकटात प्रचार थांबवणे

निवडणूक तोंडावर आलीय आणि नेमक्या त्याच वेळी बँका बुडायला लागल्यात, मग उमेदवाराने सभा-जाहिराती गुंडाळून कामाला लागावं की प्रचार चालू ठेवावा, असा हा वाद. यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण अमेरिकेतल्या २००८ च्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीतलं, रिपब्लिकन पक्षाचे उमेदवार जॉन मॅकेन यांचं.

१५ सप्टेंबर २००८ ला लेहमन ब्रदर्स या बड्या गुंतवणूक बँकेने दिवाळखोरी जाहीर केली आणि त्याच दिवशी मॅकेन फ्लोरिडातल्या सभेत अर्थव्यवस्थेचा पाया मजबूत आहे असं बोलून बसले, ते विरोधकांनी सोडलं नाहीच. मग २४ तारखेला त्यांनी एकदम जाहीर केलं की मी प्रचार थांबवतोय, वॉशिंग्टनला जातोय, ७०० अब्ज डॉलरच्या बेलआउट पॅकेजवर (बुडत्या बँकांना वाचवायच्या सरकारी मदतीवर) एकमत होऊ दे आणि शुक्रवारची विरोधी उमेदवार ओबामांबरोबरची डिबेटही पुढे ढकला. ओबामा म्हणाले, राष्ट्राध्यक्षाला एकावेळी दोन कामं जमायलाच हवीत.

बरं, वॉशिंग्टनची घाई म्हणून त्या संध्याकाळचा डेव्हिड लेटरमनचा टीव्ही शो मॅकेननी रद्द केला, आणि इकडे लेटरमनचं रेकॉर्डिंग चालू असताना कळलं की साहेब तर त्याच चॅनेलच्या दुसऱ्या स्टुडिओत केटी कुरिकला मुलाखत द्यायला मेकअप करून घेतायत! लेटरमनने ते थेट चित्र प्रेक्षकांना दाखवलं आणि विमानतळावर सोडायला गाडी हवी का असं वर विचारलं. मॅकेन वॉशिंग्टनला निघाले ते दुसऱ्या दिवशी.

२५ तारखेला व्हाइट हाऊसमध्ये तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बुश, दोन्ही उमेदवार आणि संसदेतले नेते अशी मीटिंग झाली, ती भांडणात संपली, आणि ज्यांच्यासाठी सगळं थांबलं होतं ते मॅकेन तिथे फारसं बोललेच नाहीत. २६ ला ते गपचूप डिबेटला हजर. २९ ला प्रतिनिधिगृहाने बेलआउटचं विधेयक २२८ विरुद्ध २०५ ने पाडलं, शेअर बाजाराचा निर्देशांक डाऊ जोन्स ७७७ अंशांनी आपटला. शेवटी ३ ऑक्टोबरला ते पास झालं.

थांबवण्याच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे, मॅकेन आणि ओबामा दोघंही सिनेटर होते, त्यांना विधेयकावर मत द्यायचं होतं (१ ऑक्टोबरला सिनेटमध्ये दोघांनीही बाजूनेच मत दिलं). पण तेवढ्यासाठी एक दिवस पुरतो, त्याला प्रचारबंदीची घोषणा कशाला? उलट बँका बुडत असताना या माणसाचं म्हणणं काय हे लोकांना ऐकायचं असतं, आणि ते ऐकायला मिळतं प्रचारातच. त्यामुळे थांबवणं हाच एक प्रचार होतो, मॅकेनच्या बाबतीत तर उघडउघड.

याआधी १९३२ मध्ये महामंदीत राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर बराच काळ काम आहे म्हणून वॉशिंग्टनमध्येच बसून राहिले, ऑक्टोबरात जोरात बाहेर पडले तोवर विरोधी उमेदवार रूझवेल्ट देशभर फिरून झालेले. हूवरना ४८ पैकी ६ राज्यं मिळाली, अर्थात मंदीच एवढी होती की आधी फिरले असते तरी काही वाचलं असतं असं वाटत नाही.

आपल्याकडे १९९१ ला परकीय चलन संपत आलेलं, मे महिन्यात परकीय चलन मिळवायला २० टन सोनं स्विस बँकेकडे गेलं, आणि लोकसभेचा प्रचार मात्र धडाक्यात चालू. मतदानाचे उरलेले टप्पे जूनवर गेले ते राजीव गांधींच्या हत्येमुळे.