हंगामी शेतमाल वाटा योजना, नाशिक

हंगामी शेतमाल वाटा योजना : पेरणीआधी किंवा हंगामाच्या सुरुवातीला कुटुंबांनी शेतकऱ्याला आगाऊ पैसे द्यायचे आणि हंगाम संपेपर्यंत शेतात जे पिकेल त्यातला ठरलेला वाटा दर आठवड्याला घ्यायचा, अशी व्यवस्था. समुदाय-आधारित शेती या नावानेही ती ओळखली जाते. घरपोच भाजीच्या सेवेशी तिची गल्लत नेहमी होते, कारण दोन्हीकडे शेवटी दारात पिशवीच येते. पण घरपोच सेवेत गिऱ्हाईक हवे ते निवडते आणि नको ते परत करते. इथे सभासद पिकाच्या नफ्यातोट्यात सामील असतो. गारपिटीत टोमॅटो झोडपला गेला, तर त्या आठवड्याच्या टोपलीत टोमॅटो नसतो आणि त्याचे पैसेही परत मिळत नाहीत. ही अट मान्य नसेल त्याने बाजारातूनच भाजी आणावी, त्यात काही वावगे नाही.

आधुनिक रूपात ही पद्धत जपानमध्ये 1970 च्या दशकात ‘तेइकेइ’ या नावाने रुजली. औद्योगिक प्रदूषणाने आणि रासायनिक शेतीने धास्तावलेल्या शहरी गृहिणींचे गट थेट शेतकऱ्यांशी बोलू लागले, हे तिचे निमित्त. अमेरिकेत 1986 मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर राज्यांतल्या दोन शेतांवर ती सुरू झाली. फ्रान्समध्ये 2001 पासून तिचे जाळे पसरले. महाराष्ट्रात मुंबईतील ‘हरी भरी टोकरी’ हा सेंद्रिय भाजीचा उपक्रम याच वळणाचा.

नाशिककरांना यातले आगाऊ पैसे देणे नवे असले, तरी शेतकऱ्याशी थेट संबंध नवा नाही. एप्रिल-मेमध्ये वर्षाचे धान्य भरण्याची रीत इथल्या कित्येक घरांत अजून टिकून आहे. गहू ओळखीच्या शेतकऱ्याकडून, इंद्रायणी तांदूळ घोटी-इगतपुरीकडून. मग उन्हे दाखवायची, कडुनिंबाचा पाला घालायचा आणि कोठी भरायची. वाटा योजनेने हाच व्यवहार नाशवंत मालाला लावला, एवढेच. काही जण तिचे मूळ बलुत्यात शोधतात. खळ्यावर वाटा मिळे हे खरे, पण तो जातीने नेमून दिलेल्या कामाबद्दल मिळे आणि त्यातून बाहेर पडण्याची मुभा नसे. पुढच्या हंगामात नाव काढून घेता येणाऱ्या सभासदत्वाशी त्याचे नाते जोडणे ओढूनताणूनच होईल.

जिल्ह्याची रचना या योजनेला विलक्षण अनुकूल आहे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या येवला-सिन्नर पट्ट्यात जेमतेम 500 ते 600. मधला भाग गंगापूर, दारणा या धरणांच्या आणि विहिरींच्या पाण्यावर भिजतो. गिरणारे, मातोरी, मखमलाबाद ही भाजीपाल्याची गावे शहराला लागूनच आहेत. त्यामुळे सकाळी खुडलेली मेथी दुपारपर्यंत कॉलेज रोडला किंवा इंदिरानगरला पोचते. मोठ्या शहरांतल्या योजनांचा बराच खर्च वाहतुकीत जातो, तो इथे वाचतो.

टोपलीत काय येईल हे हंगाम ठरवतो. पावसाळ्यात भेंडी, गवार, कारली, दोडके, काकडी, भोपळा. शिवाय त्र्यंबक, पेठ, सुरगाणा भागांतल्या आदिवासी शेतकऱ्यांशी योजना चालवणाऱ्या गटाचा संबंध असेल तर शेवळे, कुर्डू, टाकळा, करटोली या रानभाज्या. शेवळे खाजरे असते, त्यात आंबट घालावेच लागते, आणि शहरातल्या नव्या सभासदाला हे कुणीतरी सांगावे लागते. चांगले गट टोपलीबरोबर कृतीही कळवतात ती यासाठीच. हिवाळा हा सगळ्यांत भरगच्च काळ : मेथी, पालक, कोथिंबीर, कोबी, फ्लॉवर, वाटाणा, गाजर, कांद्याची पात, वालपापडी आणि थंडी पडली की हरभऱ्याचा कोवळा पाला. नागली, वरई, नवा तांदूळ हेही याच सुमारास मिळतात. उन्हाळ्यात पालेभाजी रोडावते. त्याची भरपाई उन्हाळ कांदा करतो. मार्च-एप्रिलमध्ये निघालेला हा कांदा हवेशीर कांदाचाळीत चार-पाच महिने टिकतो, म्हणून तो आठवड्याच्या टोपलीऐवजी एकदाच गोणीने दिलेला परवडतो. द्राक्ष मात्र या पद्धतीत नीट बसत नाही. बागेचा एकरी खर्च मोठा, फवारण्या पुष्कळ आणि माल बहुधा व्यापाऱ्याला एकठोक दिला जातो. ते टोपलीबाहेर, वेगळ्या मागणीवर घेणेच व्यवहार्य.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर आकर्षण चढ्या भावाचे नसून ठरलेल्या भावाचे आहे. बाजार समितीत मेथी-कोथिंबिरीचा लिलाव जुड्यांच्या शेकड्यावर होतो आणि आवक वाढली की भाव काही दिवसांत कोसळतो. टोमॅटो तोडणीचा आणि गाडीभाड्याचा खर्चही निघत नाही म्हणून प्लॉट तसाच सोडून देण्याची वेळ येते. 2016 मध्ये राज्याने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला. त्याच वर्षी संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियान सुरू झाले, आणि थेट विक्रीची वाट मोकळी झाली. पण आठवडे बाजारातही माल उरला तर तोटा शेतकऱ्याचाच. वाटा योजनेत तो आधीच विकलेला असतो.

खरी कसोटी नियोजनाची. उदाहरणापुरते, 25 कुटुंबांना आठवड्याला 4 किलोप्रमाणे 16 आठवडे माल द्यायचा तर एकूण 1600 किलो लागतो. अर्ध्या-पाऊण एकरातल्या मिश्र लागवडीतून एवढे निघू शकते. अडचण वजनाची नाही. मेथी महिनाभरात खुडणीला येते आणि लगेच निबर होते, म्हणून ती दर आठ-दहा दिवसांनी थोडी थोडी पेरत राहावी लागते. टोमॅटोचा पहिला तोडा लागवडीनंतर दोन-अडीच महिन्यांनी. एकाच पिकाचा अख्खा प्लॉट धरायची सवय असलेल्या शेतकऱ्याला ही बारा भानगडींची शेती वाटते, आणि तशी ती आहेच. बहुतेक योजना डळमळतात त्या इथे : सलग तीन आठवडे दोडके आले की सभासद कुरकुरू लागतात.

सभासद होण्याची योग्य वेळ वर्षातून दोनदा येते. एकदा मेअखेर, खरिपाची तयारी चालू असताना. दुसऱ्यांदा दसऱ्याच्या आसपास, रब्बीच्या लागवडीआधी. नवख्याने हिवाळी हंगामापासून सुरुवात करावी. वाण भरपूर असतात आणि सवय लागायला सोपे जाते. पैसे देण्याआधी शेत पाहून यावे. नुकसान झाल्यास काय, पूर्ण वाटा किती किलोंचा, अर्धा वाटा मिळतो का, टोपली घरी येणार की सोसायटीच्या एखाद्या ठरलेल्या जागेवरून उचलायची, गावाला गेल्यास ती शेजाऱ्याच्या नावे देता येते का, हे लेखी घेतलेले बरे. दोघांच्या घराला पूर्ण वाटा जड जातो. शेजारच्या घराबरोबर तो वाटून घेणे हा त्यावरचा रुळलेला उपाय.

‘सेंद्रिय’ या दाव्याबाबत थोडी सावधगिरी हवी. त्रयस्थ संस्थेकडून मिळणारे प्रमाणपत्र लहान शेतकऱ्याला महाग पडते. त्याऐवजी शेतकऱ्यांच्या गटाने परस्परांची शेते तपासून द्यायची पीजीएस-इंडिया ही सहभागी हमीची पद्धत उपलब्ध आहे. केंद्राच्या 2017 च्या सेंद्रिय अन्न नियमांतही तिला मान्यता आहे. मात्र वाटा योजनेत प्रमाणपत्राची सक्ती नसते. अनेक शेतकरी जीवामृत (शेण-गोमूत्र आंबवून केलेले द्रवखत), निंबोळी अर्क वापरतात आणि अगदीच रोग हाताबाहेर गेला तर एखादी फवारणी करतात. तशी फवारणी झाल्यावर सभासदांना कळवले जाते का आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबतात, हे विचारावे. या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा शेतकरी प्रमाणपत्राशिवायही भरवशाचा समजायला हरकत नाही.